आर्द्रता ८२ टक्के

शनिवारी पहाटे चार वाजता काय झालेलं असेल ते आधीच सांगून टाकतो. अंडी उबवणी यंत्रातल्या १०१ अंड्यांपैकी बहुतेकांमधली पिल्लं कवचाच्या आत गुदमरून मेलेली असतील. यंत्र बिघडलेलं नसेल. ट्रेमधलं पाणी संपलेलं नसेल. तापमान म्हणावं तसं घसरलेलंही नसेल. आर्द्रता तर माहितीपत्रकात छापतात तिच्याहून सरस असेल, आणि खरी मेख तिथेच आहे.

ठिकाण सोलापूर जिल्ह्यातली एक वस्ती, महिना जानेवारी. घरात आई, वहिनी, तिची दोन मुलं आणि गावरान पिल्लांचा हा उद्योग नव्यानं सुरू केलेला धाकटा. थोरला पुण्याला नोकरीला. वस्ती आणि माणसं मी जुळवलेली आहेत. अंड्यात आणि यंत्रात जे घडतं ते मात्र कुणालाही ताडून पाहता येईल.

यंत्र दीडशे अंड्यांचं, पत्र्याचं, आतून थर्मोकोल लावलेलं. आतली पोकळी शंभर लिटरच्या आसपास. दोन बल्ब, एक पंखा, पाण्याचा ट्रे आणि दारावर डिजिटल मीटर: वर तापमान, खाली आर्द्रता. तळाशी हवा आत यायला एक भोक, माथ्यावर बाहेर जायला दुसरं, दोन्हींवर सरकती झाकणं. यांना सगळे व्हेंट म्हणतात. खोली जुनी, बियाण्याची पोती ठेवायची. एकच दार, आणि थंडी म्हणून खिडकीला आतून पोतं लावलेलं.

बुधवार, संध्याकाळी ६. उरले ५८ तास

अंडी ठेवल्याला आज अठरा दिवस झाले. धाकट्यानं बॅटरीच्या उजेडात एकेक अंडं पाहिलं, गार पडलेली बाजूला काढली. १०१ उरली. आजपासून अंडी फिरवायची नाहीत, ट्रे आडवा ठेवायचा आणि आर्द्रता पन्नास-पंचावन्नवरून ६५ ते ७० वर न्यायची. तापमान तेच, ३७.५ अंश.

इथपर्यंत त्याचं सगळं बरोबर आहे. कवचाला दहा हजारांच्या आसपास बारीक छिद्रं असतात. त्यांतून अठरा दिवसांत अंड्यातलं पाणी उडत राहतं आणि अंड्याचं वजन ११ ते १३ टक्क्यांनी घटतं. ते घटलंच पाहिजे, कारण त्या रिकाम्या झालेल्या जागेतूनच बोथट टोकाला हवेची पोकळी तयार होते. कोकणात पावसाळ्यात नेमकं उलटं होतं. बाहेरचीच हवा इतकी दमट असते की पाणी उडत नाही, पोकळी लहान राहते आणि पिल्लू आतल्या द्रवातच नाक बुडवतं. सोलापूरच्या थंडीत ती भीती नाही. इथली भीती कोरडेपणाची.

तिचाही हिशेब मांडता येतो. रात्रीची १५ अंशांची हवा, तिच्यात ६० टक्के आर्द्रता. तीच हवा यंत्रात शिरून ३७.५ अंशांना तापली की तिची आर्द्रता १६ टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच, पण तापलेल्या हवेची भूक वाढलेली. त्यामुळे खालच्या व्हेंटमधून येणारा प्रत्येक झोत मीटरवरचा आकडा खाली ओढतो. व्हेंट आणि आकडा यांचं वैर धाकट्याला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. त्यातून त्यानं काढलेला निष्कर्ष उद्या-परवा महागात पडणार आहे.

वहीत नोंद: ३७.५ / ६४.

गुरुवार, दुपारी १२. उरले ४० तास

बाहेरून काहीच दिसत नाही. ३७.६ / ६६. आई म्हणते, "बघत बसू नको रं सारखं. कोंबडी बघती का?"

गुरुवार, रात्री १०. उरले ३० तास

वरून पाहणाऱ्याला आत्ताही काही दिसणार नाही, पण आत सगळी घडी बदलते आहे.

आतापर्यंत पिल्लानं छातीनं श्वास घेतलेलाच नाही. कवचाला आतून चिकटलेलं रक्तवाहिन्यांचं एक जाळं छिद्रांमधून ऑक्सिजन आत घेत होतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत होतं. आता पिल्लू इतकं मोठं झालं आहे की त्या छिद्रांतून येणारी हवा त्याला पुरत नाही. ऑक्सिजन कमी पडतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, मानेमागचा एक खास जाड स्नायू झटके द्यायला लागतो आणि चोच हवेच्या पोकळीचा पापुद्रा फाडून आत घुसते. मग पहिला श्वास. फुप्फुसं चालू झाली. अंडं कानाशी धरलं तर आतून चिवचिव ऐकू येते. वहिनीच्या धाकट्या पोरीनं ती ऐकली आणि तिला त्या रात्री झोप लागेना.

पण त्या पोकळीतली हवा काही तासांचीच. ती संपत आली, कार्बन डायऑक्साइड आणखी चढला, की पिल्लू पुन्हा झटके देतं आणि चोचीच्या टोकावरच्या कठीण दाण्यानं कवचालाच टोच पाडतं. म्हणजे थोडासा कोंडमारा हा पिल्लू बाहेर पडण्याच्या यंत्रणेचाच भाग आहे. कोंडतं म्हणून ते फोडतं. मात्र टोच पाडल्यावर बाहेर ताजी हवा असायला हवी, हे या सगळ्या व्यवस्थेनं गृहीत धरलेलं असतं.

शुक्रवार, सकाळी ७. उरले २१ तास

पहिली टोच. मधल्या ओळीतल्या एका अंड्यावर मुगाएवढा कवचाचा तुकडा उचलला गेला आहे. वहीत त्याभोवती गोल.

शुक्रवार, सकाळी ११. उरले १७ तास

टोचा आता चार झाल्या. पोरं शाळेत जायच्या आधी बघायचं म्हणून हट्ट धरून बसली होती, ती दुपारी येणार. तेवढ्यात शेजारची दोघं आली आणि धाकट्यानं दार उघडून दाखवलं. पाऊण मिनिट असेल.

मीटर ६६ वरून ३४ वर. परत साठीच्या वर यायला पंचवीस मिनिटं लागली.

हे वाईटच झालं. टोच पडलेल्या अंड्यात पापुद्रा उघडा पडलेला असतो. कोरडी हवा लागली की तो आकसतो, कागदासारखा कडक होतो आणि पिल्लाभोवती आवळून बसतो. मग पिल्लाला मान वळवता येत नाही, फिरता येत नाही. चार अंड्यांच्या बाबतीत आता हा धोका उभा राहिला. बाकी सत्त्याण्णव अजून बंद आहेत, त्यांना या पाऊण मिनिटानं काही होणार नाही. हा फरक कुणीतरी त्याला तेव्हा सांगायला हवा होता.

शुक्रवार, दुपारी १. उरले १५ तास

त्यानं पोल्ट्री करणाऱ्या एका मित्राला फोन लावला.

"अरे, उघडलंस कशाला? आता सुकतील ती."

"मग काय करू?"

"ओलावा धरून ठेव. खालचं व्हेंट बंद कर की."

खालचं झाकण सरकलं. अर्ध्या तासात आकडा ७१. सल्ला चुकीचा होता असं धाकट्याला वाटण्याचं काही कारणच नव्हतं. मीटर समोर होतं.

मला इथे त्या मीटरचाच राग येतो. दोन आकडे लाल अक्षरांत डोळ्यांसमोर चमकत राहतात आणि माणूस त्या दोघांचीच सेवा करत बसतो. आत किती ऑक्सिजन आहे, किती कार्बन डायऑक्साइड साठला, हे असल्या यंत्रावर दिसत नाही. इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवण्याची फार जुनी कला आहे. तिथले कारागीर अंडं पापणीला लावून ऊब जोखत, थर्मामीटर नव्हता. पण भट्टीच्या घुमटाला भोक ठेवलेलं असे आणि ते केव्हा किती उघडायचं हे त्या धंद्यातलं शिकण्याचं काम होतं.

शुक्रवार, संध्याकाळी ५. उरले ११ तास

टोचा एकोणतीस. पाण्याच्या ट्रेशेजारी ओलं गोणपाट. ३७.६ / ७४.

शुक्रवार, रात्री ८. उरले ८ तास

पहिलं पिल्लू बाहेर. बोथट टोकाकडून पाहिलं तर पिल्लू घड्याळाच्या उलट दिशेनं हळूहळू फिरतं, फिरता फिरता कवच कापत जातं आणि शेवटी टोपी उघडावी तसं ते टोक ढकलून देतं. त्याआधी बलक पोटात ओढून घेतलेला असतो आणि कवचाला चिकटलेलं रक्ताचं जाळं आटलेलं असतं. म्हणूनच उतावीळपणे कवच सोलून "मदत" करणाऱ्यांच्या हातात रक्तबंबाळ पिल्लू येतं.

त्या बलकावर पिल्लू ७२ तास दाण्यापाण्याशिवाय राहू शकतं. एका दिवसाची पिल्लं खोक्यांत भरून रेल्वेनं, विमानानं जगभर पाठवतात ती याच बळावर. तेव्हा पहिलं पिल्लू काढून घ्यायची काही घाई नसते. ते आत कोरडं होत पडलेलं बरं. पण पोरं आली होती, दार उघडलं गेलं, पिल्लू टोपलीत गेलं आणि आकडा पुन्हा ४१.

धाकटा घाबरला. त्यानं माथ्यावरचंही व्हेंट बंद केलं. झाकण ढिलं होतं म्हणून वरून चिकटपट्टी लावली.

शुक्रवार, रात्री १०. उरले ६ तास

३७.७ / ८२.

वहीत ८२ खाली दोन रेघा आहेत. दाराच्या काचेवर पाण्याचे थेंब. नऊ पिल्लं बाहेर आली आहेत, आणि आर्द्रता चढली त्यात त्यांचाही मोठा वाटा आहे. पिल्लू ओलंचिंब बाहेर येतं आणि त्याच्या लवेतलं पाणी यंत्रातल्या हवेतच उडतं. पिल्लं निघायला लागली की आकडा आपोआप वर जातो. श्रेय मात्र गोणपाटाला आणि चिकटपट्टीला मिळालं.

आता दुसरा हिशेब मांडू. शंभर लिटर हवेत ऑक्सिजन २१ लिटर. या टप्प्यावर गावरान कोंबडीचं एक अंडं तासाला साधारण २० मिलिलिटर ऑक्सिजन घेतं. शंभर मिळून दोन लिटर. यंत्र अगदी हवाबंद असेल तर तासाभरात ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १९ वर येईल, दोन तासांत १७ वर. तेवढ्याच वेळात कार्बन डायऑक्साइड तासाला सुमारे दीड टक्क्यानं चढेल. अर्ध्या टक्क्यापुढे पिल्लं निघण्याचं प्रमाण घसरायला लागतं आणि पाच टक्क्यांना काहीच उरत नाही, असं या विषयातली मार्गदर्शक पुस्तकं सांगतात. कवचातून निघालेलं, धडपडणारं पिल्लू तर अंड्यातल्याहून कितीतरी जास्त हवा ओढतं. ज्या तासांना सर्वांत जास्त हवा लागते, नेमके तेच तास व्हेंट बंद करण्यात गेले.

अजून सगळं संपलेलं नाही. दाराच्या फटी, वायर आत घेतलेलं भोक, पत्र्याचे सांधे यांतून पंखा थोडी हवा खेचतो आहे. या गळक्या सांध्यांच्या जिवावर शंभर जीव आहेत.

शुक्रवार, रात्री ११.४०. उरले ४ तास २० मिनिटं

तेवीस पिल्लं बाहेर. काचेतून दिसतं की त्यातली बरीचशी चोच उघडी टाकून मान ताणून धापा टाकताहेत. धाकट्याला वाटलं उकडतंय. कोंबडी उन्हात अशीच धापा टाकते, त्यामुळे वाटणं साहजिक आहे. त्यानं थर्मोस्टॅट अर्ध्या अंशानं खाली घेतला. मीटरवर तापमान ३७.७ असताना पिल्लांना उकाडा कसला, हा प्रश्न त्याच्या मनात येऊन गेला असं तो नंतर म्हणाला. पण रात्रीचे पावणेबारा वाजले होते.

यानंतर पहाटे चारपर्यंत एकही पिल्लू बाहेर आलेलं नाही.

शनिवार, रात्री १.२०. उरले २ तास ४० मिनिटं

लाईट गेली.

पंखा थांबला. इन्व्हर्टर घरातल्या दिव्यांना आहे, या खोलीपर्यंत वायर ओढायची राहून गेली होती. आई उठली, वहिनी उठली. तिघांच्या डोक्यात एकच गोष्ट: ऊब जाता कामा नये. दोन गोधड्या आणि एक घोंगडं यंत्राला चहूबाजूंनी गुंडाळलं. फटी, सांधे, वायरचं भोक, सगळं झाकलं गेलं.

पन्नास-साठ हजार अंड्यांच्या मोठ्या हॅचरीत पंखे थांबले तर माणसं धावत जाऊन यंत्रांची दारं उघडतात. शेवटच्या दिवसांतल्या अंड्यांना स्वतःची ऊब असते. एकेका अंड्यातून वॉटचा दहावा हिस्सा बाहेर पडतो, इथे शंभरांचे मिळून दहा वॉट. छोट्या यंत्रात ती ऊब थंडीला थोडीफार तोंड देते. शिवाय पूर्ण वाढलेले गर्भ काही तासांचा गारवा सोसतात. ३२ अंशांखाली बरेच तास राहूनही अंडी फुटल्याच्या नोंदी आहेत. गारठ्याला त्यांच्यापाशी वेळ होता. हवेवाचून मात्र एक तासही भारी.

शनिवार, रात्री २.१५. उरले पावणेदोन तास

गोधडीची कड उचलून मोबाईलच्या उजेडात साध्या थर्मामीटरवर पाहिलं: ३६.९. कुणाला विश्वास बसेना. आई म्हणाली, "देवाची कृपा." तरी खोली गार पडू नये म्हणून तिनं कोळशाची शेगडी पेटवून आत आणली आणि दार लावून घेतलं.

आता यंत्राला हवा मिळत नव्हतीच, वर खोलीतली हवाही शेगडी खायला लागली.

शनिवार, पहाटे ३.१०. उरली ५० मिनिटं

वहिनी पोरांपाशी गेली, आई अंथरुणावर. धाकटा पोत्यावर बसून आहे. त्याचं डोकं जड झालंय, कपाळात ठणका, थोडं मळमळतंय. तीन रात्रींचं जागरण, असं तो स्वतःला सांगतो. यंत्रातून चिवचिव येईनाशी झाली आहे. झोपली असतील, असं तो पिल्लांबद्दलही म्हणतो.

शनिवार, पहाटे ३.३५. उरली २५ मिनिटं

लाईट आली. पंखा फिरायला लागला आणि आतली तीच हवा आत फिरवू लागला. शेगडी विझत आली म्हणून आई ती उचलून बाहेर घेऊन गेली, जाताना दार उघडंच राहिलं. धाकट्याला तेवढ्यानं बरं वाटलं.

शनिवार, पहाटे ४

गोधड्या काढल्या, दार उघडलं. बाहेर आलेल्या तेवीसपैकी नऊ पिल्लं एका कोपऱ्यात, दाराच्या फटीच्या बाजूला एकमेकांवर चढून मेलेली. चौदा जिवंत, त्यातली काही लोळागोळा. टोच पडलेल्या अंड्यांतून चोची बाहेर दिसताहेत, हलत नाहीत. मीटर सुरू झालं होतं आणि दार उघडण्याआधीचा आकडा धाकट्यानं सवयीनं वहीत लिहिला: ३६.८ / ८४.

रविवार, सकाळी ११

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर ओळखीचे, सुट्टी असून आले. शनिवारी दिवसभरात आणखी चार पिल्लं निघाली होती, दोन अंडी अजून धुगधुगत होती. उरलेली बहात्तर अंडी त्यांनी अंगणात वर्तमानपत्र पसरून एकेक फोडली आणि तीन ढीग लावले.

पहिल्या ढिगात नऊ: पोकळीचा पापुद्राही फोडू न शकलेली. दुसऱ्यात अकरा: टोच पाडून मेलेली. तिसरा ढीग मोठा, बावन्न पिल्लं. पूर्ण वाढलेली, बलक बहुतेकांनी पोटात घेतलेला, चोच हवेच्या पोकळीत, म्हणजे पहिला श्वास घेऊन झालेला. त्यापुढे काही नाही.

धाकटा हळूच म्हणाला, "सुकली का, डॉक्टर? मी शुक्रवारी दार उघडलं होतं."

डॉक्टरांनी तिसऱ्या ढिगातल्या एका अंड्याचा पापुद्रा चिमटीनं उचलून दाखवला. पांढरा, मऊ, ओला. दुसऱ्याचा तसाच, तिसऱ्याचाही. अकरांच्या ढिगात तिघांचा तेवढा पिवळट आणि कडक झालेला होता.

"ही तीन गेली असतील त्या दार उघडण्यात. बाकीच्यांना ओलावा भरपूर होता."

त्यांनी वही मागितली. अठरा दिवसांची आणि पुढच्या अडीच दिवसांची पानं त्यांनी उलटली. दोन रकाने, तापमान आणि आर्द्रता, एकही घर रिकामं नाही.

"व्हेंट कधी बंद केलं, कुठं लिहिलंय?"

"ते लिहीत न्हाई कुणी."

डॉक्टरांनी त्याचंच पेन घेऊन तिसरा रकाना आखला. पहिली टोच दिसली की दोन्ही व्हेंट जास्त उघडायची, बंद करायची नाहीत. आर्द्रता वाढवायची तर पाण्याचा पृष्ठभाग वाढवायचा, आणखी एक ट्रे, नाहीतर स्पंज. आकडा साठीवर राहिला तरी चालेल. लाईट गेली तर गोधडी बाजूंना घाला, माथा मोकळा ठेवा. आणि खिडकीचं ते पोतं आजच काढा.

"आन् शेगडी?" आईनं विचारलं.

"शेगडी त्या खोलीत परत न्यायची नाही, मावशी. लाईट आणखी दोन तास आली नसती, तर हा तिथंच पोत्यावर पडलेला सापडला असता तुम्हाला."